नर्सिंगच्या शिष्यवृत्तीपायी गेलेले 41,680 रुपये

आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी "किती गं गेले?" म्हणून खोदून विचारायला नको. एक्केचाळीस हजार सहाशे ऐंशी.

मी अडाणी नाही. बारावी आर्ट्स 61 टक्क्यांनी पास आहे. नऊ वर्षं एका दवाखान्यात मदतनीस आहे, केसपेपर काढते, बीपी बघते, ड्रेसिंगचा ट्रे लावते. पगार 7,500. परवा लागलेली एएनएम, म्हणजे सहाय्यक नर्सचा कोर्स केलेली पोरगी माझ्या दुप्पट घेते आणि ट्रे लावायला मलाच हाक मारते. तेव्हापासून शिकायचं डोक्यात बसलं. पण एएनएमच्या प्रवेशाला वयाची अट 17 ते 35, आणि मला चौतिसावं सरत आलेलं. ही अट खोट्या शिष्यवृत्तीचं ऑफिस थाटून बसलेल्या लोकांना चांगली पाठ होती.

ऑफिस होतं, म्हणून तर फसले. मोबाईलवर आलेल्या लिंकला मी कधी बोट लावत नाही. इथे एसटी स्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावर, रीतसर पहिल्या मजल्यावर ऑफिस. बाहेर फ्लेक्स, आत गळ्यात ओळखपत्र घातलेल्या मॅडम, भिंतीवर सावित्रीबाईंचा फोटो आणि त्याला ताजा हार. "ताई, 2024 ला सरकारनं मुलींची फी माफ केली, ऐकलंय ना? त्यातच शिक्षण सुटलेल्या बायकांचा कोटा आहे. 48,000 खात्यात येणार. पण पस्तिशी उलटली की फाईल बंद." फीमाफीचं मी खरंच टीव्हीवर ऐकलं होतं. ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक कोर्सला लागलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची, आणि त्यात असले हातात पैसे कोणी देत नाही, हे आता कळतंय.

आधी 1,180 नोंदणीचे. हजार आणि वर 18 टक्के जीएसटी. हसा खुशाल, पण त्या जीएसटीनंच माझा विश्वास बसला. चोर कशाला कर लावेल? मग 3,500 कागद तपासणीचे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, गॅप अ‍ॅफिडेव्हिट सगळं मीच सेतूत रांगा लावून आणलेलं, यांनी तपासलं काय देव जाणे. मग 12,000 अनामत, शिष्यवृत्तीबरोबर परत मिळणारी. क्यूआर स्कॅन केला तर नाव आलं एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. विचारलं. "ऑडिट चालू आहे ना ताई, आमच्या खात्याला लिमिट आलंय." मी पिन टाकला. सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर फुकट भरतात आणि पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. क्यूआर दाखवला की उठायचं, चहा दिला असेल तरी.

आता जी गोष्ट रात्री झोपू देत नाही ती. अनामत भरल्यावर आठवड्यानं मंजुरीचं पत्र मिळालं. जाड कागद, गोल शिक्का, वर इंग्रजीत नर्सिंग कौन्सिलचं नाव. ते मी देवासमोर ठेवलं. सहावीतली लेक वाचत बसली आणि म्हणाली, "आई, नर्सिंगच्या स्पेलिंगमध्ये एच नसतो ना? यांनी एस नंतर एच घातलाय." मी काय म्हणाले असेन? "तू तुझा गृहपाठ कर." माझ्या दवाखान्यात औषधांच्या खोक्यांवर, रजिस्टरवर, दारावरच्या पाटीवर तो शब्द रोज दिसतो. मला दिसला नाही आणि पोरीला दिसला. ती गप्प बसली, मी पत्राला हळद-कुंकू लावलं. तिथेच थांबले असते तर 16,680 वर सुटले असते.

शेवटचे 25,000 "सीट धरायला". बचत गटातून उचलले, शेकडा दोन रुपयांनी. कोर्स म्हणे दीड वर्षाचा, घरी बसून, परीक्षेपुरतं यायचं. एएनएम दोन वर्षांचा असतो, वॉर्डात पाय सुजेपर्यंत उभं राहून शिकायचा. मला हे माहीत होतं हो! पण घर, स्वयंपाक, सासूबाईंचं डायलिसिस सांभाळून "घरी बसून" हे शब्द किती गोड लागतात, ते बाईलाच कळेल. कॉलेज मान्यताप्राप्त आहे का, ते कौन्सिलच्या यादीत बघा. त्यांनी दाखवलेल्या फाईलमध्ये नाही.

दीड महिन्यानं शटर खाली. झेरॉक्सवाला म्हणतो, भाडं आमचंही बुडवलं.

मग माझी वरात सुरू झाली. पोलीस ठाण्यात सांगितलं, "ऑनलाइन पैसे गेले ना, मग सायबरकडे जा, जिल्ह्याला." एक दिवसाचा पगार कापला गेला, एसटीचं भाडं वेगळं. सायबरवाले म्हणाले, "समोरासमोर बसून दिलेत, ऑफिस तुमच्या गावात, हे तुमच्या ठाण्याचं काम." परत ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. फसवणुकीचं पूर्वीचं 420 आता कलम 318 झालंय, हे मी त्यांना सांगितलं तर हवालदार म्हणतो, "वकील का तुम्ही?" वर आणखी, "एवढे पैसे देताना मालकांना विचारलं नाही का?" जणू चोरी मीच केली. बँकेत गेले, तर पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. समाजकल्याणमध्ये, ही आमची योजनाच नाही. अहो, तुमची नाही हेच तर सांगायला आले होते, एक नोटीस तरी लावा बाहेर! पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात निवेदन दिलं, तर ते फिरून त्याच ठाण्यात आलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्या बाई तेवढ्या नीट बोलल्या, पण पहिला प्रश्न, "किती वेळ झाला?" पैसे पुढे सरकायच्या आत फोन केला तर खातं गोठवता येतं. माझे दोन महिने झाले होते. तुमचे गेले तर आधी 1930 लावा, रडा नंतर.

आमच्या गावातल्या आणखी सहा जणी आहेत, पण नाव द्यायला एकही तयार नाही. त्यांना दोष तरी कसा देऊ? ह्यांना मी 16,680 सांगितलेत. गटाचा हप्ता दर 5 तारखेला असतो, आणि त्या दिवशी मी दवाखान्यातून उशिरा येते.