साम्बाचं प्रीएक्झेक आणि पोस्टएक्झेक: वर्षभराच्या वापरानंतर

नॅसची, म्हणजे नेटवर्कवर फाइली ठेवायची, तयार पेटी बंद पडली. दुरुस्तीचा आकडा ऐकून तिचा नाद सोडला आणि प्रेसमधल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन लिनक्स टाकून साम्बा, म्हणजे विंडोजच्या मशिनना नेटवर्कवरून फाइली देणारं सॉफ्टवेअर, चालू केलं. लायसन्सचा खर्च शून्य. फाइल शेअरिंग कसं चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. लिहायचंय ते कॉन्फिग फाइलमधून आपली शेल कमांड चालवायच्या सोयीबद्दल: शेअर, म्हणजे नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर, जोडला जाताना प्रीएक्झेक, तुटल्यावर पोस्टएक्झेक.

आधी कौतुक. शेअर जोडला जाताना प्रीएक्झेकची कमांड त्या युजरच्या हक्कांनी चालते, रूट प्रीएक्झेकची रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मालकाच्या. सोबत 'रूट प्रीएक्झेक क्लोज' चालू केलं की कमांडने शून्याऐवजी दुसरा कुठलाही कोड परत दिल्यावर साम्बा तो शेअर उघडतच नाही. आमच्याकडे वीज गेली-आली की डेटाची डिस्क कधीकधी माउंट होत नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडलीच जात नाही. मशिन सुरू, शेअर सुरू, आणि ऑपरेटर गिऱ्हाइकाची पानं रिकाम्या माउंट पॉइंटवर, म्हणजे सिस्टिमच्या छोट्या एसएसडीवर टाकत बसतात. आता रूट प्रीएक्झेकमध्ये डिस्क जोडलीय का ते पाहणाऱ्या 'माउंटपॉइंट' कमांडची एक ओळ आहे. डिस्क नसेल तर शेअर नाही. या एका ओळीसाठी साम्बाला पैकीच्या पैकी गुण. खोट एवढीच की विंडोजवर नुसतं 'ॲक्सेस डिनाइड' दिसतं, आणि पोरं पासवर्ड चुकतोय म्हणून फोन करतात.

आता पोस्टएक्झेक. माणूस काम संपवून गेला की कमांड चालेल, तेव्हा दिवसाचा बॅकअप तिथेच लावावा, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही! ते चालतं कनेक्शन तुटल्यावर, आणि एक्सप्लोररची खिडकी बंद केली म्हणून विंडोज कनेक्शन तोडत नाही. मॅप केलेला ड्राइव्ह दिवसभर जोडलेलाच राहतो. 'डेडटाइम', म्हणजे किती वेळ स्वस्थ पडलेलं कनेक्शन तोडायचं ती मुदत, पंधरा मिनिटांवर आणून पाहिला. एखादी फाइल उघडी असेल तर तो लागूच होत नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळं बंद असेल तर मात्र कनेक्शन तुटतं, पोस्टएक्झेक भर दुपारी चालतं, माणूस परत आला की विंडोज गुपचूप पुन्हा जोडतं आणि प्रीएक्झेकही पुन्हा चालतं. कुणी लॅपटॉपची केबल उपटून निघून गेला तर सर्व्हरला ते कळायलाच वेळ लागतो. आणि सर्व्हरचीच वीज गेली तर पोस्टएक्झेक चालणार कुठून? बॅकअपची खरी गरज ज्या दिवशी, नेमका त्याच दिवशी तो नाही. मॅन्युअलमधलं उदाहरण पाहा: अमुक युजर अमुक शेअरवरून गेला, एवढी लॉगमध्ये नोंद. तेवढ्याच कामाचं हे आहे. मग मॅन्युअलने तसं ठसठशीत लिहायला नको? माझा राग त्यावर आहे.

प्रीएक्झेकबद्दलचं मत मात्र मधल्या काळात बदललं. कमांड संपेपर्यंत क्लायंट ताटकळतो, याचा सुरुवातीला वैताग यायचा. पण तो थांबतो म्हणूनच डिस्कच्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो. लांबणारं काम कमांडच्या शेवटी अँपरसँड (&) लावून मागे ढकलावं, झालं. डिस्कवरच्या बीटीआरएफएस फाइलसिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणाची स्थिती, हाही आता रूट प्रीएक्झेकमध्येच घेतो, आधीचा तासाभरापेक्षा जुना असेल तरच. साम्बाच्या शॅडो कॉपी मॉड्यूलमुळे तो विंडोजच्या 'प्रीव्हियस व्हर्जन्स'मध्ये दिसतो, आणि ऑपरेटरनी बिघडवलेलं पान मला न विचारता परत मिळतं. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप रात्री क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय, घेतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. क्लायंटकडून आलेलं नाव कमांडला देऊ नका, रूटच्या तर मुळीच नाही. २००७ साली साम्बाच्या 'युजरनेम मॅप स्क्रिप्ट'मध्ये, म्हणजे युजरचं नाव बाहेरच्या स्क्रिप्टला देणाऱ्या सेटिंगमध्ये, हेच झालं. युजरच्या नावात घातलेली चिन्हं थेट शेलपर्यंत गेली, पासवर्ड न देता बाहेरच्याला सर्व्हरवर कमांड चालवता येत होती, आणि ३.०.२५ मध्ये दुरुस्ती आली. २०२५ च्या ऑक्टोबरात 'विन्स हुक'मध्ये, म्हणजे नेटवर्कवरच्या मशिनची नावं बदलली की कमांड चालवणाऱ्या सेटिंगमध्ये, तोच प्रकार, या वेळी साम्बा डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, असेल तिथे, गंभीरता १० पैकी १०. म्हणून आमच्या स्क्रिप्टला फक्त शेअरचं नाव आणि आयपी पत्ता मिळतो. मशिनचं नाव क्लायंट स्वतः सांगतो, ते घेत नाही. स्क्रिप्टची मालकी रूटची, आणि ती ठेवायची शेअरच्या बाहेर. आत ठेवली, तर तिथे लिहायचा हक्क असलेला कोणीही उद्या रूटच्या नावाने काय चालायचं ते ठरवेल.