कोबी-पालकावरच्या अळीसाठी बीटी पावडर: पावसाळा ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा अनुभव

आमची शेती जालना जिल्ह्यात. कोबी, पालक, थोडी मेथी. पालक आज तोडला की उद्या कुणाच्या तरी ताटात जातो, म्हणून त्यावर जहाल औषध मारायला मन धजत नाही. पावसाळी कोबीपासून बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूची पावडर) वापरतोय आणि समाधानी आहे. मात्र हे औषध पाहणीशिवाय चालत नाही.

अंगावर पडून यानं अळी मरत नाही, फवारलेलं पान तिच्या पोटात जावं लागतं. तिथं त्यातलं प्रथिन आतड्याला भोकं पाडतं. खाणं काही तासांत थांबतं, मरायला दोन-तीन दिवस लागतात. आमच्या भावकीतल्या एकानं सकाळी अळ्या जिवंत पाहिल्या आणि लगेच रासायनिक फवारा घेतला. पैसे गेले! अशा वेळी पान उलटून बघावं. ताजी हिरवी विष्ठा दिसत नसेल, तर औषध लागू पडलंय. पुढं अळी मऊ, काळपट होऊन लोंबते.

लहान अळीवरच मारा. कोबीवरची बारीक हिरवी अळी बोट लावलं की वळवळत धाग्यानं खाली लोंबते, ती ओळखायला सोपी. पालकावर पानाखाली तपकिरी केसाळ अंडीपुंज दिसला, तर फवारणीआधी ते पानच खुडून नष्ट करायचं. कोबीच्या गड्ड्यात शिरलेल्या अळीपर्यंत पावडर पोचत नाही, तिथं उशीर झालेला असतो.

उन्हानं याचा जोर लवकर उतरतो, म्हणून मी दिवस मावळतीलाच पंप पाठीवर घेतो. जोराचा पाऊस झाला तर परत फवारावं लागतं. कोबीचं पान मेणचट, थेंब घरंगळतात. स्टिकर (औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव्य) टाकायलाच हवं. एका दुकानदारानं तापलेल्या पत्र्याखालचा पुडा दिला, त्याचा काही उपयोग झाला नाही. सावलीतला आणि ताज्या तारखेचाच मागा.

माव्यावर (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) बीटी काहीच करत नाही. त्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क: पाच किलो कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर द्रावण.

आणि कळकळीनं सांगतो, आपल्याकडं जालना-बीड पट्ट्यात रेशीमवाले बरेच आहेत. रेशीमकिडाही अळीच, ही पावडर त्यालाही मारते. शेजारी रेशीमकिड्याच्या चाऱ्याची तुती असेल तर वारा त्या बाजूचा असताना फवारू नका, पंप उसना देऊ नका, आणि फवारणीआधी त्यांना सांगा.