निकोटिन गम २ एमजी : व्हेप बंद करताना दोन महिने खाल्लं, त्याचा अनुभव

व्हेप, म्हणजे ई-सिगरेट, सोडायचा विचार करत असाल तर तुमच्यासाठी मुद्दाम सविस्तर लिहितोय. माझं तीन वर्षं पॉड, म्हणजे छोटं व्हेप, चालू होतं, २०१९ पासून आपल्याकडे विक्रीला बंदी आहे तरी मिळतंच. सिगरेट निदान विझते तरी, हे उशीखालीच असतं, रात्री जाग आली की दोन कश, त्यामुळे दिवसभरात किती निकोटिन पोटात गेलं याचा हिशोबच राहत नाही. घसा कायम कोरडा. आणि ज्या पर्वतीच्या १०३ पायऱ्या कॉलेजात असताना पळत चढायचो तिथे अर्ध्यात कठडा धरून उभं राहायची वेळ आली तेव्हा खरंच घाबरलो.

आधी नुसताच ब्रेक घेऊन बघितला, गणपतीचे दहा दिवस. तिसऱ्याच दिवशी आरतीच्या तबकावरून आईवर एवढा ओरडलो की ती रडली, आणि संध्याकाळी पॉड परत हातात. डॉक्टर म्हणाले पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात जड जातात, चिडचिड, झोप न लागणं हे सगळं निकोटिन तुटल्यामुळे होतं, पुढे काही आठवड्यांत कमी होतं. हे गम त्यांनीच सुचवलं.

पहिल्या आठवड्यात मी ते चिंगमसारखं कचाकचा चावलं, नुसत्या उचक्या आणि जळजळ. मेडिकलवाल्याने पाकीट हातात दिलं, कसं खायचं ते एका शब्दाने सांगितलं नाही, हे मला फार खटकलं. तर नीट ऐका, हळूहळू चावायचं, मिरी चावल्यासारखं झणझणलं की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, झणझण गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जातं, लाळेबरोबर गिळलं की पोट बिघडतं. खायच्या आधी पंधरा मिनिटं कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको, तोंड आंबट असलं की ते नीट शोषलं जात नाही.

चव वाईट आहे, मिंटच्या मागून तिखट तंबाखू येतो. पण तलफ भागते, आणि धूर छातीत जात नाही. सुरुवातीला दिवसाला आठ लागायची, आता दोन. हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. तंबाखू सोडायला सरकारी १८००-११-२३५६ ही लाइन आहे, फुकट आहे, मी दोनदा बोललोय.

परवा पर्वती चढलो, धाप लागली पण कठड्याला हात लावला नाही. पाचपैकी चार, एक चवीसाठी कापला.