सेकंडहँड ट्रकचा इव्हॅप लीक: घरी शोधायचा, मशीन घ्यायचं की गॅरेजला द्यायचा?

अमेरिकेत जुना पिकअप घेतला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेक इंजिन लाइट लागणार आणि स्कॅनर लावला की इव्हॅपचा (टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ न देणाऱ्या सिस्टिमचा) कोड निघणार, हे माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं झालंय आणि माझंही. त्यात मी कॅलिफोर्नियात, स्मॉग चेक (गाडीच्या धुराची सरकारी तपासणी) महिन्यावर आलेला, आणि लाइट लागलेली असेल तर सरळ फेल. (डिझेल ट्रक असेल तर पुढचं वाचू नका, त्यात हे प्रकरणच नसतं.)

टाकीतल्या गॅसची (इथे पेट्रोलला गॅसच म्हणतात) वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते, पर्ज व्हॉल्व्ह उघडला की इंजिन ती ओढून जाळतं. कॉम्प्युटर अधूनमधून व्हेंट व्हॉल्व्ह (कॅनिस्टरला बाहेरची हवा देणारा) बंद करतो आणि आत प्रेशर किंवा व्हॅक्यूम टिकतं का ते बघतो. नाही टिकलं की कोड. पी०४५५ म्हणजे मोठी गळती, पी०४४२ म्हणजे साधारण १ मिमीचं भोक, पी०४५६ म्हणजे अर्धा मिमी. आता अर्धा मिमी भोक ट्रकखाली झोपून डोळ्यांनी शोधणार कसं, सांगा.

घरचा उपाय सगळ्यात स्वस्त, पण त्याची झेप दोनच गोष्टींपर्यंत: गॅस कॅप आणि पर्ज व्हॉल्व्ह. कॅपचं रबर चिरलंय का बघा. पर्ज व्हॉल्व्हचा इलेक्ट्रिकल प्लग काढा, कॅनिस्टरकडून येणारी नळी काढा, इंजिन आयडलवर ठेवा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट धरा. बोट ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, बदला. गॅस भरल्यावर ट्रक लवकर स्टार्ट होत नसेल, अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरावा लागत असेल, तर संशय आधी इथेच घ्यायचा. पी०४९६ (नको तेव्हा वाफ ओढली जातेय) आला असेल तर गॅरेजला जायच्या आधी ही पाच मिनिटं नक्की द्या.

मी मात्र शहाणपणा करून आधी नुसती कॅप बदलली, कोड पुसला आणि खूश झालो. नऊ दिवस शांतता, मग लाइट परत. ही टेस्ट रोज होत नाही हे तेव्हा माहीत नव्हतं: इंजिन थंड हवं आणि टाकी बहुतेक गाड्यांत साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मधे हवी, आणि मी दर वेळी टाकी काठोकाठ भरणारा. (ते नोझल बंद पडल्यावर अजून थोडं भरणं आधी थांबवा, पातळ गॅस कॅनिस्टरमध्ये गेला की तो मेला.)

स्वतःचं स्मोक मशीन (सिस्टिममध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते दाखवणारं) घेण्याचा मोह मलाही झाला होता. पण एका लीकसाठी तो खर्च मला पटला नाही, शिवाय धूर आत सोडताना व्हेंट बंद करावा लागतो, नाहीतर सगळा धूर तिथूनच बाहेर, म्हणजे व्हॉल्व्हला कमांड देणारा महागातला स्कॅनर हवा किंवा व्हेंटची नळी हाताने बुजवायची. प्रेशरही १ पीएसआयच्या खालीच लागतं, कंप्रेसर थेट जोडलात तर नवीन बिघाड तयार. आणि डब्यात तापलेली तार घालून बनवलेली घरगुती मशीनं गॅसच्या टाकीला जोडणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. चांगली गॅरेजं यासाठी नायट्रोजन वापरतात, ते उगीच नाही. घरात तीन-चार जुन्या गाड्या असतील आणि हातही काळे करायची हौस असेल तर घ्या, नाहीतर नको.

राहिलं गॅरेज. पहिल्याने नुसता कोड वाचून कॅनिस्टर बदलायला सांगितलं, आकडा ऐकून मी परत आलो. दुसऱ्याने स्मोक टेस्टचे दीडशे डॉलर घेतले. दहा मिनिटांनी मागच्या चाकाच्या वरून, प्लॅस्टिकच्या आडून, दोऱ्यासारखा धूर निघाला. फिलर नेक, म्हणजे गॅस भरायची नळी, क्लॅम्पखाली गंजून सुईएवढा फुटला होता. कॅनिस्टर ठणठणीत.

त्यामुळे माझ्या मते पी०४५५ किंवा पी०४९६ असेल तर आधी घरी बघा, पी०४४२ आणि पी०४५६ ला सरळ स्मोक टेस्ट, आणि टेस्ट न करता पार्ट सांगणाऱ्याला रामराम. पी०४४९ असेल तर धूर विसरा, तो व्हेंटच्या वायरिंगचा कोड आहे, आणि पिकअपमध्ये तो व्हॉल्व्ह मागे चेसिसजवळ चिखल-मीठ खात असतो, तेव्हा कनेक्टर उघडून हिरवट गंज दिसतो का ते पहिलं बघा.

अजून ट्रक घेतलाच नसेल तर साधा कोड रीडर खिशात घेऊन जा आणि कोडपेक्षा मॉनिटर (गाडीने स्वतःच्या कोणत्या टेस्ट पूर्ण केल्यात ते) बघा. इव्हॅपसकट बरेच ‘नॉट रेडी’ दिसले तर कोड नुकताच पुसलाय किंवा बॅटरी काढलीये, विक्रेत्याला विचारा. आणि कॅलिफोर्नियावाल्यांनो, रिपेअरनंतर स्मॉगची तारीख जवळ असेल तर घाबरू नका: २००० आणि पुढच्या गॅसच्या गाड्यांना एकटा इव्हॅप मॉनिटर अपुरा असला तरी चालतो, बाकीचे पूर्ण हवेत आणि लाइट बंद हवी. मी तसाच पास झालो, इव्हॅप पूर्ण झाला त्यानंतर आठवड्याने.