मेंटेनन्स कार्डावरची टिक बंद करून आकडा लिहायला लावला, त्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशन आणि मशीनिंगचं युनिट आहे, मी तिथे मेंटेनन्स बघतो. दोन छोटा हत्ती, एक पिकअप, बॅटरीवरची फोर्कलिफ्ट, स्क्रू कॉम्प्रेसर, जनरेटर, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीन), प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन), ५ टनी क्रेन आणि वेल्डिंग सेट, एवढा पसारा. गेल्या जूनपासून आम्ही या सगळ्याचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स (बिघडायच्या आधीच ठरवून केलेली तपासणी-दुरुस्ती) नीट बसवलं, आता मार्च चालू आहे, म्हणजे नऊ महिने झाले. कोणी आपल्याकडे असं सुरू करणार असेल तर त्याच्या उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो. मे महिन्यात चाकणला माल घेऊन निघालेली गाडी मोशीच्या पुढे फॅन बेल्ट तुटून बंद पडली, भर उन्हात, मागे ट्रॅफिक, तिकडे कस्टमरची लाईन थांबलेली आणि फोनवर फोन. दुसरी गाडी पाठवून माल उतरवून चढवून पोचवेपर्यंत चार तास गेले. परत आल्यावर मी गाडीचं चेकलिस्ट काढलं तर त्याच दिवशी सकाळी बेल्टसमोर टिक होती. आदल्या दिवशीही होती, अख्ख्या महिन्याची टिक एकाच पेनाने एकाच तिरक्या हातात. ड्रायव्हर काका बारा वर्षं आमच्याकडे आहेत, खोटं बोलणारा माणूस नाही. ते म्हणाले, साहेब बॉनेटमध्ये डोकावलो, बेल्ट होता, टिक केली. आणि खरंच आहे, आम्ही विचारलंच होतं तेवढं. बेल्ट आहे का, तर आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक गाडी-मशीनच्या तपासणी कार्डावरून टिकचा रकानाच काढून टाकला. जिथे शक्य तिथे आकडा लिहायचा. टायरची हवा ओके असं नाही, किती आहे ते लिहा, चारही टायर वेगळे. कॉम्प्रेसरचं टेंपरेचर किती, अवर मीटर (मशीन एकूण किती तास चाललं ते) किती, कूलंटचं (कटिंगवर सोडायच्या तेल-पाण्याचं) रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे ते किती दाट आहे ते दाखवणाऱ्या मापावर, रीडिंग किती. जिथे आकडा निघतच नाही तिथे निदान शब्द लिहायचा, बेल्टला चीर आहे की नाही, अंगठ्याने दाबल्यावर किती दबतो. पहिले दोन आठवडे सगळे वैतागले, पण याच एका बदलाने सगळ्यात जास्त फायदा झाला असं माझं ठाम मत आहे.

कॉम्प्रेसरचं उदाहरण देतो. आधी रोज टिक असायची आणि एक दिवस अचानक टेंपरेचरला ट्रिप व्हायचा (जास्त तापून आपोआप बंद पडायचा), मग सगळी धावपळ. आता ऑपरेटर रोज दुपारी तीनला डिस्प्लेवरचा आकडा लिहितो. दिवाळीनंतर हवा थंड होत चालली होती आणि आकडे मात्र ८२, ८४, ८७, ९१ असे वर चाललेले. बाहेर गारवा आणि मशीन गरम, म्हणजे काहीतरी अडलंय. तेलाची लेव्हल बरोबर होती, मग कूलर उघडला तर ग्राइंडिंगची धूळ आणि तेल मिळून त्याच्यावर गोधडीसारखा थर. गुरुवारी धुऊन काढला, शुक्रवारी ८१. ट्रिप झालाच नाही.

पण आकडे पण खोटे लिहिता येतात, हे कोणी विचारायच्या आधी मीच सांगतो. पिकअपच्या कार्डावर सलग अकरा दिवस चारही टायर ३५, ३५, ३५, ३५. मी माझा गेज घेऊन गेलो तर मागचा डावा २६. ओरडलो नाही. विचारल्यावर कळलं की गाडीतला गेज कधीच तुटलाय आणि दुसरा आणून द्या असं ड्रायव्हरने दोनदा सांगितलं होतं, आमच्याकडूनच राहिलं. म्हणून आता नियम असा की ज्याचा आकडा मागतो त्याचं माप त्याच जागी बांधलेलं पाहिजे, गेज गाडीत, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी म्हणजे दाटपणा मोजायचं माप) चार्जिंगच्या जागी, रिफ्रॅक्टोमीटर सीएनसीच्या कपाटात. माप शोधायला स्टोअरला जावं लागलं की माणूस अंदाजाने लिहिणार, तो त्याचा दोष नाही.

फोर्कलिफ्टच्या बॅटरीबद्दल जरा जास्त लिहितो कारण हे बऱ्याच ठिकाणी चुकतं. आमच्याकडे चार्जिंगला लावायच्या आधी डिस्टिल्ड वॉटर काठोकाठ भरायचे. चार्ज होताना आतलं पाणी वर चढतं, मग अ‍ॅसिड बाहेर येतं, ट्रे खातं, वर पांढरी बुरशी जमते. पाणी चार्ज झाल्यानंतर भरायचं, आधी प्लेटा उघड्या पडल्या असतील तर फक्त त्या बुडतील एवढंच. आणि २० टक्क्यांच्या खाली उतरवायची नाही. आमचे फोर्कलिफ्टवाले मामा आता दर शनिवारी फुल चार्जनंतर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी लिहितात, बाकीचे १.२८ च्या आसपास आणि सात नंबरचा सेल १.२२, पुढच्या शनिवारी १.२१. तो एक सेल बदलून काम झालं. आधी अशा वेळी बॅटरी गेली म्हणून पूर्ण सेटचं कोटेशन मागवलं जायचं. चार्जिंगच्या जागी खिडकी उघडी, चष्मा आणि हातमोजे सक्तीचे, विडी काडी अजिबात नाही, तिथे हायड्रोजन निघतो.

आता तारखेने करायचं की तासाने, यावर आमच्यात खूप वाद झाला. मी शक्य तेवढं अवर मीटरवर नेलं. कॉम्प्रेसर दोन शिफ्टमध्ये दिवसाला १६ तास चालतो, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचे २००० तास पावणेपाच महिन्यांत होतात, दर सहा महिन्यांनी असं लिहून ठेवलं असतं तर उशीर झाला असता. जनरेटरचं उलटं, २५० तासांना ऑइल बदला म्हणतात पण आमचा वर्षात कसाबसा ४० तास चालतो, तिथे तास बघत बसलात तर ऑइल वर्षानुवर्षं तसंच राहील, म्हणून त्याला वर्षाची तारीख. आणि आठवड्यातून एकदा लोड देऊन चालवायचा, नुसता स्टार्ट करून बंद करायचा नाही. गाड्यांना किलोमीटर, पण आमच्या गाड्या नाशिक रोडला तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतात, इंजिन चालू आणि किलोमीटर वाढत नाही, म्हणून मॅन्युअलमधल्या अंतरापेक्षा थोडं आधीच ऑइल बदलतो.

काही तारखा मात्र तासांना विचारत नाहीत. क्रेन, चेन पुली, स्लिंग यांची सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा तपासणी, आमच्या फाईलला रिपोर्ट फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम २९ खालचे आहेत. जुन्या छोटा हत्तीला आठ वर्षं झाली, त्यामुळे फिटनेस आता दरवर्षी. हे सगळं पीयूसी आणि इन्शुरन्ससकट लाल पेनाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

वेळ मिळवणं हे सगळ्यात अवघड गेलं. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी, म्हणून आधी सगळं मेंटेनन्स गुरुवारवर ढकललं, दोन माणसं ओव्हरटाइमला. नंतर लक्षात आलं की बंद मशीन काही सांगत नाही, आवाज, गरमी, गळती सगळं चालू असतानाच कळतं. मग शेठना बसवून समजावलं आणि बुधवारचा शेवटचा एक तास प्रोडक्शन प्लॅनमध्येच लिहून घेतला. बुधवारी चालत्या मशीनचं ऐकायचं, हात मात्र घालायचा नाही, आणि गुरुवारी मेन स्विचला कुलूप लावून बेल्ट, फिल्टर, साफसफाई. हवेची गळती मात्र जेवणाच्या सुट्टीत बघा, सगळी मशीन बंद असताना कॉम्प्रेसर लोड घेत असेल तर ती हवा कुठल्यातरी जॉइंटमधून चाललीय, साबणाचं पाणी घेऊन फिरलो तर पहिल्याच दिवशी नऊ जागा सापडल्या.

मधे एका मोबाईल अ‍ॅपची दोन महिने ट्रायल पण घेतली. आमच्या लोकांना ग्रीसच्या हातांनी फोन काढून पासवर्ड टाकणं जमलं नाही. मशीनला अडकवलेलं प्लास्टिकच्या पाकिटातलं कार्ड आणि शनिवारी मी एक्सेलमध्ये भरतो, तासभर लागतो, एवढं पुरतं. पन्नास-शंभर मशीन असतील तर वेगळा विचार करा.

खंडेनवमीला यावेळी पूजेच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपलं मशीन पुसताना कार्डही नवीन लावलं, मामांनी फोर्कलिफ्टच्या कार्डाला पण हळदकुंकू लावलं, मला ते फार आवडलं.

जे अजून बसलं नाही तेही सांगतो. वेल्डिंग सेटचं काहीच जमलं नाही, कारण ते कोणा एकाचे नाहीत, कोणीही कुठेही ओढून नेतं आणि कार्ड गायब होतं. सेकंड शिफ्टची कार्डं अर्धी रिकामी असतात, त्यांना रात्री विचारणारं कोणी नसतं. म्हणून या महिन्यापासून आठवड्यातून दोन दिवस मी दुपारी दोनला येऊन रात्री साडेदहापर्यंत थांबतोय, आणि प्रत्येक वेल्डिंग सेटला एका माणसाचं नाव रंगाने लिहायचं काम कालच दिलंय.