ऑल्टो के१० पेट्रोल: मराठवाड्याच्या रस्त्यांवर वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. तालुक्याहून जिल्ह्याला रोजचं जाणं-येणं असेल, गाडीत दोघं-तिघं बसणार असतील आणि पेट्रोल स्वतःच्या खिशातून भरायचं असेल, तर या पैशात ही गाडी मनापासून घ्यावी अशी आहे. पाच मोठी माणसं बसवून समृद्धीवर शंभरच्या वर पळवायची असेल, तर हिच्या वाटेला जाऊ नका. उन्हाळा, पावसाळा आणि ऊसतोडीचा हंगाम या तिन्हींत वापरल्यावरचं हे मत आहे.

इंजिन ९९८ सीसी, तीन सिलिंडरचं. ताकद ६६.६ पीएस (५५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना), टॉर्क म्हणजे ओढ ८९ एनएम (३५०० आरपीएमला). हाताने गिअर टाकायच्या गाडीचं कंपनीचं मायलेज लिटरला २४.३९ किलोमीटर, टाकी २७ लिटरची, डिकी २१४ लिटरची, टायर १४५/८० आर१३. गाडीचं रिकामं वजन साधारण साडेसातशे किलो, आणि हिचे जवळजवळ सगळे गुणदोष या वजनातून येतात. हलकी म्हणून पेट्रोल कमी पिते, हलकी म्हणूनच गल्लीत, बाजारात कुठेही वळते. पण चार माणसं आणि पिशव्या मिळून तीनशे किलो बसले की वजन एकदम चाळीस टक्क्यांनी वाढतं. मोठ्या गाडीला तीनशे किलो जाणवत नाहीत, हिला प्रत्येक चढावर जाणवतात.

आता मायलेज, कारण बहुतेक जण त्यासाठीच ही गाडी घेतात. मीटरवर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नका, तो एक-दीडने जास्त दाखवतो. खरी पद्धत टाकी ते टाकी. एका पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. किमान तीनशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. ३९० किलोमीटर झाले आणि १८.२ लिटर बसलं, तर ३९० भागिले १८.२ म्हणजे २१.४. कट झाल्यावर ‘राउंड फिगर करा’ म्हणून वरून आणखी भरून घेऊ नका. हिशेब तर चुकतोच, शिवाय जास्तीचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो खराब करतं.

या पद्धतीने मोकळ्या रस्त्यावर, दोघं बसून, ७० ते ८० च्या वेगाने २२ ते २४ मिळतं. तोच रस्ता एसी लावून शंभरने कापला तर १८-१९ वर येतं. शहरात सिग्नल, एसी आणि भर दुपार एकत्र आली की १६-१७. फरक एवढा का पडतो, तर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि छोट्या इंजिनाकडे शिल्लक ताकद नसते. बीडहून संभाजीनगरला जाताना ८० ऐवजी १०० ने गेलात, तर गेवराई-पाचोडच्या गर्दीतून जाऊन शेवटी वीसेक मिनिटं वाचतात आणि पेट्रोल लिटर-दीड लिटर जास्त जातं.

खर्चाचं गणित सोपं आहे. पेट्रोल १०५ रुपये धरलं आणि सरासरी २१ मिळालं तर किलोमीटरला पाच रुपये. परभणीकरांनी थोडं जास्त धरावं, कारण मनमाडजवळच्या डेपोतून टँकर यायचं भाडं तिथल्या दरात बसतं आणि राज्यातल्या महाग पेट्रोलच्या यादीत परभणीचं नाव नेहमी असतं.

ई-२० बद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, खूप विचारणा होते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांमध्ये रबरी पाइप, सील वगैरे ई-२० ला टिकणारे असतात, त्यामुळे भीतीचं कारण नाही. त्याआधीची जुनी ऑल्टो घेत असाल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील एकदा पाहून घ्या. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा. रिकाम्या टाकीत दमट हवा राहते आणि इथेनॉल तिच्यातलं पाणी ओढून घेतं.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची सवय आपल्याकडे फार आहे. मांजरसुंब्याच्या घाटात, कन्नडच्या औट्रम घाटात हे रोज दिसतं. ती सवय सोडाच. गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर पेट्रोल सोडणं थांबवतात, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो आणि सगळा भार पुढच्या डिस्क व मागच्या ड्रमवर येतो. या गाडीचे ब्रेक तिच्या वजनाला पुरेसे आहेत, पण पाच माणसं घेऊन लांब उतारावर सतत दाबले तर ते तापतात आणि पेडल मऊ पडतं. ज्या गिअरने चढता, त्याच गिअरने उतरा.

चढाला लागणारी पूर्ण ओढ, ते ८९ एनएम, ३५०० आरपीएमवर मिळते हे लक्षात ठेवा. गाडी घरघरायला लागेपर्यंत तिसऱ्यात ओढू नका, आधीच दुसरा टाका आणि इंजिनाला फिरू द्या. डॅशबोर्डवरचा वर जाणारा बाण लवकर गिअर बदलायला सांगतो. तो सपाटीसाठी ठीक आहे, भरलेल्या गाडीत घाटात त्याचं ऐकू नका. एसी चालू असताना चढावर ओढ कमी वाटली तर दोन मिनिटं बंद करा, लगेच फरक कळतो.

थांबल्यावर स्टिअरिंगला आणि सीटला येणारी हलकी थरथर तीन सिलिंडरची आहे, बिघाड नाही. एसीचा कॉम्प्रेसर लागताना आरपीएम क्षणभर खाली जातो, तेही नेहमीचं. थरथर अचानक वाढली, गाडी अडखळली आणि चेक इंजिनचा दिवा लागला तर प्लग, इग्निशन कॉइल आणि वायरी पाहायला लावा. गावाकडे बऱ्याचदा वायरी उंदराने कुरतडलेल्या निघतात, विशेषतः सोयाबीन-तुरीची पोती ठेवलेल्या गोठ्याशेजारी गाडी लावली असेल तर. रात्री बॉनेट उघडं ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय: उंदराला उबदार अंधारी जागा हवी असते.

एसी मे महिन्यात ४२-४३ अंशाला पुढच्या दोघांना पुरतो, मागच्यांना पुरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. उन्हात लावलेली गाडी काचा खाली करून थोडी चालवा, मग एसी लावा. कूलिंग कमी झालं की लोक लगेच गॅस भरायला धावतात. त्याआधी टॉर्च घेऊन पुढच्या जाळीतून कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारा, बारीक पत्र्यांचा भाग) पाहा. सोयाबीनच्या काढणीत रस्त्यावर पसरलेल्या खळ्यावरून गाडी गेली की भुसा आणि कापसाचे तंतू त्या बारीक पत्र्यांत अडकतात, हवा आत जात नाही. इंजिन थंड असताना साध्या नळीने, हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप जवळून मारला तर पत्रे वाकतात. त्याच खळ्यावरचं काड दुसरीकडेही अडकतं, सायलेन्सरच्या गरम भागाला खालून गुंडाळलं जातं. जळका वास आला तर थांबून खाली वाकून पाहाच, कारण वाळलेलं काड तिथे पेट घेऊ शकतं.

एअर फिल्टर गाडीसोबतच्या पुस्तिकेत (मॅन्युअलमध्ये) चाळीस हजार किलोमीटरचा असतो, पण त्यातच धुळीच्या रस्त्यावर लवकर बदला असंही लिहिलेलं असतं. आपल्या मुरमाच्या रस्त्यांवर दर पाच हजारांना काढून झटकावा, वीस हजारांच्या आसपास बदलावा. इंजिन ऑइल दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, आणि मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं. ‘उन्हाळा आहे, जाड टाकू’ म्हणणारे भेटतील. नव्या इंजिनच्या फटी पातळ ऑइलसाठी आखलेल्या असतात, जाड ऑइलने मायलेज घटतं. टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही.

कूलंटमध्ये आणि वायपरच्या टाकीत बोअरचं पाणी घालू नका. आपलं पाणी क्षारयुक्त आहे. वायपरची नोझलं पांढरी पडून बंद होतात, ती सुईने उघडता येतात, पण रेडिएटरमध्ये बसलेला क्षार असा निघत नाही.

बॅटरीला थंडीपेक्षा आपला उन्हाळा जास्त मारतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय तुमच्या गाडीत असेल तर तिला त्या कामाचीच बॅटरी लागते, साधी स्वस्त बसवली तर लवकर जाते. भर उन्हात ती सोय बटणाने बंद ठेवावी, नाहीतर एसी गरम हवा फेकतो आणि इंजिन पुन्हा पुन्हा चालू होतं.

काळ्या मातीचा एक त्रास इथल्याच लोकांना कळेल. पावसात शेताच्या वाटेने गेलं की चिखल चाकाच्या कमानीत आणि रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून दगडासारखा होतो. मग पक्क्या रस्त्यावर ७०-८० ला स्टिअरिंग थरथरतं. अलाइनमेंटला पैसे घालण्याआधी चाकाच्या मागे हात घालून पाहा, बहुतेकदा एका बाजूला मूठभर गोळा असतो. लाकडाच्या काडीने खरवडून पाणी मारलं की थरथर जाते. तसंही भर पावसात ही गाडी काळ्या रानात घालू नये. टायर अरुंद आहेत, पुढची चाकं जागेवर फिरतात आणि पोट टेकतं. गावोगावच्या उंच गतिरोधकांवर चार माणसं असतील तर पहिल्या गिअरमध्ये, थोडी तिरकी घेऊन काढा.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना भरा. दुपारी तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा काढू नका, रात्री ती कमी पडते. समृद्धीवर चढण्याआधी चारही टायर तपासलेच पाहिजेत. काँक्रीट तापलेलं असतं, हवा कमी असलेल्या टायरची बाजू सतत वाकून आतून गरम होते आणि फुटते. तिथे बस किंवा ट्रक शेजारून गेला की गाडी हलते, म्हणून ८०-९० ने डाव्या लेनमध्ये चालवणं बरं. ऊसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि लो-बीमचा उजेड साठच्या वर अपुरा वाटतो. कारखाने चालू असताना रात्री वेग साठच्या आतच ठेवा.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. २०२३ च्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत या गाडीला मोठ्यांसाठी दोन तारे आणि मुलांसाठी शून्य मिळाले. ते दोन एअरबॅगच्या गाडीचे. २०२५ पासून सहा एअरबॅग आल्या, तरी पत्र्याचा सांगाडा तोच आहे. मागच्यांनीही बेल्ट लावावा, आणि घरात लहान मुलं असून हायवेचा प्रवास जास्त असेल तर थोडे पैसे वाढवून दुसरी गाडी पाहावी.

सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला, त्यामुळे जुन्या-नव्यातलं अंतर कमी झालंय, जुनी घेताना ताजी ऑन-रोड किंमत आधी विचारा. सीएनजी घ्यायचा विचार असेल तर तालुक्याला पंप आहे का आणि तिथे रांग किती, ते बघून मगच ठरवा. डिकी जवळजवळ सिलिंडरच खातो.

टाकी २७ लिटरची आहे. शेवटचे चार लिटर राखून धरले तर चारशे-साडेचारशे किलोमीटर, म्हणजे रोजच्या वापराला भरपूर, पण नागपूर किंवा मुंबईला जाताना पंपाचा विचार आधीच करावा लागतो.

स्टेपनीची हवा सगळे विसरतात, महिन्यातून एकदा तीही बघा. आणि डिकीत फूटभर लाकडी फळी टाकून ठेवा: रस्त्याच्या कडेच्या काळ्या मातीत जॅक नुसता लावला की तो खाली रुततो, गाडी उचलली जात नाही.