क्रिप्टोचे पैसे खात्यात आणणाऱ्या दोन सेवा: बँकेने विचारलं तर कोणती टिकते?

क्रिप्टो विकून रुपये खात्यात आणायचे भारतात दोन रूढ मार्ग आहेत. भारतीय एक्स्चेंजवर विकायचं आणि तिथूनच बँकेत काढायचं, हा एक. दुसरा पी-टू-पी, म्हणजे यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो नाणं) अनोळखी खरेदीदाराला द्यायचं आणि त्याच्याकडून यूपीआय किंवा आयएमपीएसने थेट पैसे घ्यायचे. ॲपची परीक्षणं सहसा फी आणि दरापाशी संपतात. इथे कसोटी वेगळी आहे. ‘या जमा रकमांचा स्रोत कळवा’ असा बँकेचा ईमेल आला, तर कोणती सेवा आपल्या हातात कोणता कागद देते?

गुण आधीच देऊन टाकतो. एक्स्चेंजला पाचपैकी साडेतीन, पी-टू-पीला एक, आणि तोही फक्त बऱ्या दरासाठी.

बँकेचा प्रश्न क्रिप्टो वैध की अवैध हा नसतो. रिझर्व्ह बँकेचं एप्रिल २०१८ चं बंदीचं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. त्या परिपत्रकाचा हवाला देऊ नका, असं ३१ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवलं. मात्र केवायसी आणि मनी लाँडरिंगविरोधी तपासणी चालू ठेवा, असंही त्याच पत्रात आहे. बँक विचारते ती या दुसऱ्या वाक्याच्या आधारे. खातं उघडताना ‘विद्यार्थी, वार्षिक उत्पन्न एक लाख’ लिहिलेलं असेल आणि तीन महिन्यांत बारा लाख जमा झाले, तर बँकेची प्रणाली इशारा देणारच. म्हणून मोठी रक्कम काढण्याआधी शाखेत जाऊन व्यवसाय आणि उत्पन्नाची नोंद बदलून घ्यावी. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

आता एक्स्चेंज. सर्वांत मोठी अडचण वाटते क्षुल्लक, पण शाखेत गोंधळ तिच्यामुळेच होतो: पासबुकात ॲपचं नाव येतंच असं नाही. कॉइनडीसीएक्सची कंपनी नेब्लिओ टेक्नॉलॉजीज, कॉइनस्विचची बिटसायफर लॅब्स, वझीरएक्सची झनमाई लॅब्स, झेबपेची ऑलेनकॅन इनोव्हेशन्स. कधी मधल्या पेमेंट कंपनीचंच नाव दिसतं. ‘बिटसायफर कोण? तुम्ही तिथे नोकरीला आहात का?’ या प्रश्नात अधिकाऱ्याची काही चूक नाही. ॲपच्या अटींच्या पानावर कंपनीचं पूर्ण नाव असतं. ते पान छापून जोडा.

दुसरी अडचण आकडे न जुळण्याची. समजा, २,००,००० रुपयांची विक्री झाली. फी ४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ धरली, तर उरतात १,९९,५२८. त्यावर १ टक्का टीडीएस, साधारण १,९९५. वॉलेटमध्ये येतात १,९७,५३३ आणि तेही आपण तीन हप्त्यांत काढतो. विक्री, वॉलेट आणि खातं या तिन्ही ठिकाणी आकडा वेगळा. त्यात २६एएसमध्ये, म्हणजे पॅनवर कापलेल्या कराच्या आयकर खात्याच्या विवरणात, प्रत्येक विक्रीची रक्कम मिळवली जाते. लाखाचं भांडवल चाळीस वेळा फिरवलं की तिथे चाळीस लाखांच्या आसपास दिसतात. नफा कदाचित दहा हजारही नसेल. हे बँकेला पत्रात एका ओळीत आधीच सांगावं, ती विचारेपर्यंत थांबू नये.

तरीही एक्स्चेंजचा मार्ग वर राहतो तो लेजरमुळे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीमुळे. जमा, खरेदी, विक्री, टीडीएस, काढलेली रक्कम, सगळं एका फायलीत उतरवून घेता येतं. मार्च २०२३ पासून या कंपन्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या. त्यांना एफआययू-इंडियाकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेकडे, नोंदणी करावी लागते, त्यामुळे बँकेच्या दृष्टीने पैसे देणारा ओळखीचा असतो. दीड गुण कापला तो लेजरच्या मांडणीसाठी. बऱ्याचदा काढलेल्या रकमेसमोर यूटीआर (बँक व्यवहाराचा क्रमांक) नसतो, तो पासबुकातून हाताने भरावा लागतो. फ्युचर्सवर (नाणं न घेता पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांवर) तर बहुतेक एक्स्चेंज हा टीडीएस कापतच नाहीत. मग २६एएस कोरं राहतं आणि सगळी भिस्त लेजरवर येते. शिवाय जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सायबर दरोडा पडला तेव्हा पैसे काढणंच थांबलं होतं. म्हणून लेजर दर तिमाहीला उतरवून स्वतःकडे ठेवावं.

पी-टू-पीत हा कागदच नाही. पासबुकात दिसतात अनोळखी माणसांकडून आलेल्या रकमा, कुणाकडून अठरा हजार, कुणाकडून एकेचाळीस हजार. परदेशी ॲपवरच्या सौद्यात टीडीएस कापून २६क्यूई (तो सरकारकडे भरण्याचा फॉर्म) भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. ती सहसा कोणी पाळत नाही. त्यामुळे तुमच्या पॅनवर त्या विक्रीची खूणही उरत नाही.

खरा धोका पुढे आहे. फसवणूक झालेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो. त्याचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जातात, आणि तिसऱ्या खात्याचा मालक तुमच्याकडून यूएसडीटी घेतो. पोलीस त्या साखळीतल्या प्रत्येक खात्यावर होल्ड लावायला, म्हणजे पैसे अडवून ठेवायला, सांगतात. खरेदीदाराची केवायसी झालेली होती, नाव जुळत होतं, यानेही फरक पडत नाही, कारण भाड्याने दिलेल्या खात्याचीही केवायसी झालेली असते. हा होल्ड काढणं शाखा व्यवस्थापकाच्या हातात नसतं. त्याच्याशी वाद घालत न बसता तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली नेमकी रक्कम लेखी मागा. मग तपास अधिकाऱ्याला ऑर्डरचा तपशील, चॅट आणि वॉलेट व्यवहाराचा हॅश (ब्लॉकचेनवरचा ओळखक्रमांक) पाठवा. अठरा हजारांसाठी पूर्ण खातं गोठवलं असेल, तर होल्ड तेवढ्याच रकमेपुरता ठेवावा असा अर्ज करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना तसं सांगितलं आहे. तरीही अडलं, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज हा रस्ता आहे.

होल्ड नसून नुसती विचारणा असेल, तर उत्तर एका पानाचं पुरे. कोणत्या तारखेला याच खात्यातून किती रुपये एक्स्चेंजला गेले, किती परत आले, प्रत्येक रकमेचा क्रमांक (आयएमपीएसचा १२ अंकी, एनईएफटीचा १६ अक्षरी). सोबत त्या काळाचं लेजर, २६एएस आणि शेड्यूल व्हीडीए (क्रिप्टोच्या व्यवहारांचा तक्ता) भरलेलं आयकर विवरणपत्र. नफ्यावर ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. पन्नास हजार कमावून चाळीस हजार घालवले तरी कर १५,६०० च. विवरणपत्रात निव्वळ दहा हजार दाखवलेले असतील, तर बँकेला कागद देण्याआधी ते सुधारून घ्यावं. पत्रात ‘मित्राकडून उसने’ किंवा ‘फ्रीलान्सिंग’ असं चुकूनही लिहू नये. समोर कंपनीचं नाव दिसत असताना खोटं उत्तर दिलं, की साधी विचारणा संशयास्पद व्यवहाराच्या अहवालापर्यंत जाऊ शकते. आणि असा अहवाल गेला की नाही, हे ग्राहकाला सांगायला बँकेला कायद्यानेच मनाई आहे. काउंटरवर कितीही खोदून विचारलं तरी उत्तर मिळणार नाही.

उत्तर ईमेलने द्यावं, शाखेत दिलं तर पोच घ्यावी. पूर्ण कागद देऊनही बँक गप्प राहिली, तर लेखी तक्रारीनंतर ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. पोलिसांनी लावलेल्या होल्डवर मात्र लोकपालाचा उपयोग नाही.